सातव्या दिवसाच्या आत: गालावरची जखम, रेबीजचं सिरम आणि शरीराला मिळालेला वेळ

ही नोंद एका प्रत्यक्ष प्रकरणावर आधारलेली आहे. मुलीची, कुटुंबाची, गावांची आणि दवाखान्यांची ओळख काढून टाकली आहे. उपचारांचा क्रम आणि मात्रा मात्र दिल्या तशाच ठेवल्या आहेत.

## पार्श्वभूमी

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या गाडीतळावर मराठवाड्यातून आलेल्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, होत्या. आईबाप पहाटे फडात गेले की लहान पोरं कोपीपाशीच राहायची. त्यातली एक मुलगी पाच वर्षांची, वजन १५ किलो.

तळावर चार-पाच महिन्यांचं एक कुत्र्याचं पिल्लू फिरायचं. पोरं त्याला भाकरी टाकायची, उचलून घ्यायची. मंगळवारी दुपारी मुलगी त्याच्याजवळ बसली असताना ते कुणी न डिवचता अंगावर आलं. गालाला आणि उजव्या हाताला चावलं. मोठ्या भावाने त्याला ओढून बाजूला केलं.

संध्याकाळी आई फडातून परतली. शेजारच्या कोपीतल्या म्हातारीने गालावर हळद-तेल आणि हातावर मिरचीपूड भरली होती. पाण्याने कुणी धुतलं नव्हतं, साबण लावणं तर लांबच. म्हातारीचं मन वाईट नव्हतं. तिच्या काळात हेच करत, आणि दवाखान्याला ती "पोटात चौदा इंजेक्शनं" मिळण्याची जागा समजत होती. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस भारतात २००४च्या अखेरीस बंद झाली. भीती मात्र वीस वर्षांनंतरही तळावर तशीच होती.

## शरीर इथे हरतं ते का

पुढचे निर्णय समजायचे तर आधी हे पाहायला हवं. एरवी जखमेतून जंतू आत आले की शरीर स्वस्थ बसत नाही. जागा लाल होते, सुजते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावतात. काही पेशी जंतूचे तुकडे उचलून जवळच्या लसीका गाठीत नेतात, आणि तिथे त्या जंतूला ओळखणाऱ्या पेशी वाढवून त्याच्याविरुद्धचे प्रतिपिंड (अँटिबॉडी) तयार होतात. या सगळ्याला साधारण आठवडा-दोन आठवडे लागतात. गोवर-कांजिण्यांसारख्या आजारात तेवढा वेळ मिळतो. अंगावर पुरळ दिसेपर्यंत फौज उभी झालेली असते.

रेबीजचा विषाणू हा वेळच मिळू देत नाही. लाळेतून स्नायूत उतरतो तेव्हा त्याची संख्या थोडी असते. तो पेशी फोडत नाही, म्हणून आरडाओरड होत नाही. त्याचं एक प्रथिन इंटरफेरॉनचा, म्हणजे पेशींनी एकमेकींना दिलेल्या धोक्याच्या सूचनेचा, गळा दाबतं. रक्तात तो फारसा उतरत नाही. स्नायूला जिथे चेतातंतू जोडलेला असतो तिथून आत शिरतो आणि तंतूच्या आतून मेंदूकडे सरकतो. तंतूच्या आत प्रतिपिंड सहसा पोहोचत नाहीत. शरीराला खरी जाग येते तेव्हा तो मेंदूत पोहोचलेला असतो. लक्षणं सुरू झाल्यावर हा आजार जवळजवळ नेहमीच जीव घेतो.

पण चावण्यापासून लक्षणांपर्यंत बहुधा एक ते तीन महिने जातात. या फटीतच सगळा उपचार बसतो. विषाणू चेतातंतूच्या बाहेर आहे तोवरच त्याला गाठायचं. साबण पहिली काही मिनिटं आणि तास सांभाळतो. सिरम, म्हणजे दुसरीकडे तयार झालेले आयते प्रतिपिंड, पहिला आठवडा सांभाळतं. लस शरीराची स्वतःची फौज उभी करते आणि पुढचं सांभाळते. यातला एक टप्पा रिकामा राहिला की बाकीचे दोन त्याची भरपाई करतील अशी आशा धरावी लागते. चेहऱ्यावर तर अजिबात धरू नये. तिथे चेतातंतूंचं जाळं दाट असतं आणि मेंदू हातभर अंतरावरही नसतो.

## अडचण

बुधवारी दुपारी आईने मुलीला जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणलं. चावून जवळपास चोवीस तास झाले होते. ओपीडीत गर्दी होती. आईने हात पुढे केला: "हितं वरबाडलंय बघा." मिरचीपुडीखाली हातावरचे ओरखडे दिसले, रक्त दिसलं नाही. गालावर हळद वाळून पोपडी धरली होती. विचारल्यावर आई म्हणाली, "तिथं थोडं खरचटलंय."

कार्डावर नोंद झाली: श्रेणी २. चावा किंवा संपर्क तीन श्रेणींत मोजतात. नुसता हात लावला, किंवा अखंड त्वचेवर कुत्र्याने चाटलं, तर श्रेणी १; धुण्यापलीकडे काही लागत नाही. रक्त न येणारे किरकोळ ओरखडे म्हणजे श्रेणी २. जखम धुऊन लस. त्वचा भेदून गेलेला एक जरी दात, रक्ताचा एक जरी थेंब, किंवा डोळ्यात, तोंडात, उघड्या जखमेवर लाळ, म्हणजे श्रेणी ३. धुणं, लस आणि सिरम तिन्ही.

श्रेणी २ म्हणून हात साबणाने धुतला, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि रेबीजच्या लसीचा पहिला डोस दिला. हा ० दिवस. गाल धुतला नाही.

शनिवारी, तिसऱ्या दिवशी, दुसऱ्या डोसला वेगळी परिचारिका होती. तिने पोपडी बघितली आणि आईला म्हणाली, "ताई, आधी हे धुऊन घेऊ, मग सुई." कोमट पाण्याने हळद भिजवून काढली तेव्हा गालावर तीन आणि कानाखाली जबड्याच्या कडेला एक असे दाताचे खड्डे दिसले. मधोमध काळपट खपली, कडा किंचित सुजलेल्या. मग हातही नीट पाहिला. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या पडद्यावर आणखी दोन टोचे होते, मिरचीच्या जळजळीने लाल झालेल्या कातडीत लपलेले. एकूण सहा, सगळे श्रेणी ३.

त्याच सकाळी भावाने सांगितलं, पिल्लू आदल्या दिवशी मेलं. कुणीतरी ओढ्यात टाकून दिलं. कुत्रं हाती असतं तर दहा दिवस नजरेखाली ठेवता आलं असतं. दहा दिवस धडधाकट राहिलं तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं धरता येतं. इथे ते दार बंद झालं, आणि न डिवचता चावून तीन दिवसांत मरणं हे रेबीजशी जुळणारं आहे.

## कोणते पर्याय होते

वैद्यकीय अधिकाऱ्यांपुढे प्रश्न स्पष्ट होता. केंद्रात लस होती, सिरम नव्हतं.

पहिला पर्याय, लसीचे डोस वेळेवर पूर्ण करून थांबायचं. कुटुंबाला हाच सोयीचा होता. फडावर न गेलेल्या दिवसाचा खाडा पडतो, पैसे कापले जातात, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जात असल्याने एकीने सुट्टी घेतली तरी जोडीचं काम अडतं. पण लसीपासून पुरेसे प्रतिपिंड यायला ७ ते १४ दिवस लागतात. चेहऱ्यावरच्या चार जखमा तोवर उघड्या सोडणं हा जुगार होता.

दुसरा, सोमवारी पाठवायचं. शनिवार दुपार झालेली, उद्या रविवार. सोमवार म्हणजे पाचवा दिवस, नियमात बसतो. लसीचा पहिला डोस दिल्यापासून सातव्या दिवसापर्यंतच सिरम देतात. त्यानंतर मुलीचे स्वतःचे प्रतिपिंड तयार व्हायला लागलेले असतात. वरून आयते दिले तर लसीतला विषाणू ते झाकून टाकतात आणि शरीर आपलं काम मंदावतं. म्हणूनच सिरमची मात्रा वजनाच्या हिशेबापेक्षा वाढवायची नाही. पण "सातव्या दिवसापर्यंत चालतं" याचा अर्थ "सातव्या दिवसापर्यंत थांबा" असा होत नाही. प्रत्येक दिवशी काही विषाणू तंतूत शिरत असतात.

तिसरा, आजच पाठवायचं.

चौथा, मोनोक्लोनल प्रतिपिंड. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेलं असं औषध भारतात आहे. नेहमीचं सिरम घोड्याच्या रक्तापासून बनतं, हे मात्र प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींपासून मिळतं, मात्रा किलोला ३.३३ एकक. चांगला पर्याय, पण त्या दुपारी सरकारी साठ्यात जवळपास कुठे नव्हतं आणि बाहेरून विकत आणणं कुटुंबाच्या आवाक्यात नव्हतं.

आजच पाठवायचं ठरलं.

## काय केलं

आधी फोन. चिठ्ठी लिहून रवाना करण्याआधी अधिकाऱ्यांनी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात विचारलं: सिरम आहे का, आत्ता, कुपी हातात धरून सांगा. नव्हतं. उपजिल्हा रुग्णालयात चार कुप्या होत्या. हा फोन झाला नसता तर कुटुंब पहिल्या ठिकाणी जाऊन रिकाम्या हाताने परतलं असतं, आणि ती माणसं पुन्हा निघाली असती याची खात्री नाही.

मग फोन टोळीच्या मुकादमाला. "आजचा नि उद्याचा खाडा धरू नका, पोरीचा जीव आहे," एवढंच सांगितलं. तो तयार झाला आणि गाडीही त्यानेच दिली.

निघण्यापूर्वी सगळ्या जखमा साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुतल्या. चार दिवस उलटल्यावर याचा उपयोग कमी, पण शून्य नाही. रेबीजच्या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं आणि साबण ते विरघळवतो. जखमेत उरलेला विषाणू तरी निकामी होतो. त्यासाठी खास साबण लागत नाही, कपड्यांची वडीही चालते. नळ नसला तर एकाने तांब्याने सतत धार धरायची. घासायचं मात्र नाही. धुऊन झाल्यावर पोव्हिडोन आयोडीन लावलं.

दुसरा डोसही तिथेच दिला. दोन्ही दंडांवर प्रत्येकी ०.१ मिली, कातडीच्या आत. ही पद्धत ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. कातडीत जंतूचे तुकडे उचलून गाठींकडे नेणाऱ्या पेशी दाट असतात, म्हणून स्नायूत द्यायच्या मात्रेच्या अंशावर काम भागतं. पण सुई कातडीतच राहिली पाहिजे. बरोबर बसलं की मसूर डाळीएवढा पांढुरका फुगवटा येतो, संत्र्याच्या सालीसारखा. डाव्या दंडावर मुलीने हात झटकला, सुई खोल गेली, फुगवटा आला नाही. तो डोस धरला नाही. जरा बाजूला पुन्हा दिला. इथे आणखी एक चूक वरचेवर होते. १ मिलीला ४० एककांची इन्सुलिन सिरिंज असेल तर ०.१ मिली म्हणजे ४ एककांची खूण, आणि १०० एककांची असेल तर १० एककांची. सिरिंजचा प्रकार बदलला आणि हात सवयीने चालला की मात्रा चुकते.

उपजिल्हा रुग्णालयात रात्री आठच्या सुमारास सिरम दिलं. घोड्यापासूनचं सिरम, मात्रा किलोला ४० एकक. १५ किलोला ६०० एकक. कुपीवर मिलीला ३०० एकक लिहिलं होतं, म्हणजे फक्त २ मिली. सहा जखमांच्या तळाशी आणि भोवती पसरायला ते अपुरं होतं. एकक वाढवता येत नाहीत, द्रव वाढवता येतो. म्हणून २ मिली सलाईन मिसळून ४ मिली केलं. मोठा वाटा गाल आणि जबड्याच्या जखमांत, थोडा अंगठ्याच्या पडद्यात, तोही हळूहळू, कारण बोटांपाशी जागा कमी असते आणि जास्त भरलं तर रक्तपुरवठा दबतो. सिरम जखमेतच उतरवायचं असतं. कुल्ल्यावर टोचलेलं सिरम रक्तात पसरून विरळ होतं आणि विषाणू बसलाय तिथे पुरेसं पोहोचत नाही.

गंभीर ॲलर्जी उठलीच तर लागणारी ॲड्रेनालिनची सिरिंज आधीच भरून ठेवली होती. त्वचेवर चाचणी करून ती निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त व्हायचं नसतं. ती चाचणी गंभीर ॲलर्जीचा अंदाज देत नाही. तासभर मुलीला नजरेखाली ठेवलं. गालाच्या एका जखमेची कड उघडी होती आणि आईने टाके घालायला सांगितलं. घातले नाहीत. टाका म्हणजे सुईने विषाणू आणखी खोल नेणं. अगदीच गरज पडली तर सिरमनंतर काही तास थांबून, सैल. त्या जखमेला गरज पडली नाही.

चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली. पिल्लाशी खेळणाऱ्या पोरांत भावासह तिघांच्या हातांवर ताजे ओरखडे होते, आणि भावाने तर चावताना पिल्लाचं तोंड धरून ओढलं होतं. उघड्या जखमेवर लाळ, म्हणून भाऊ थेट श्रेणी ३. त्याला त्याच रात्री धुणं, लस आणि सिरम. दोघांना लस. नुसतं पिल्लू उचललेल्या बाकी पोरांना फक्त हात धुवायला सांगितलं.

## मधेच आलेलं पुरळ

सातव्या दिवसाचा डोस वेळेवर झाला. अकराव्या दिवशी मुलीच्या अंगावर खाजरं पुरळ उठलं, थोडा ताप आला, गुडघे दुखायला लागले. आईने ठरवलं की सुई बाधली, पुढची नको.

हे लसीमुळे नव्हतं. सिरम दिल्याला आठ दिवस झाले होते आणि मुलीच्या शरीराने घोड्याचं प्रथिन परकं म्हणून ओळखून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंड बनवले होते. रेबीजविरुद्ध जी यंत्रणा उभी राहतेय, तीच इकडेही उठली होती, जवळपास तेवढ्याच दिवसांत. ॲलर्जीचं औषध आणि पॅरासिटामॉल दिलं, चार दिवसांत पुरळ गेलं. पण आशाताई कोपीवर जाऊन बसली नसती तर चौथा डोस गेलाच होता. तिने आईला शास्त्र सांगितलं नाही. म्हणाली, "पोरीचं अंग जागं झालंय, म्हणून उठलंय. जागं व्हावं म्हणूनच तर देतोय आपण." ते आईला पटलं.

## निकाल

२८ वा दिवस येईपर्यंत कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, आणि टोळी गावी निघाली. जाण्याआधी केंद्राने कार्डावर तारीख मोठ्या अक्षरात लिहिली, गावाकडच्या आरोग्य केंद्राला फोन केला आणि तिथल्या आशांचा नंबर बापाच्या मोबाइलमध्ये भरून दिला. डोस ३० व्या दिवशी झाला. दोन दिवसांच्या उशिराने पहिल्यापासून सुरुवात करायची नसते. राहिलेला डोस मिळेल त्या दिवशी द्यायचा.

वर्षाने चौकशी केली तेव्हा मुलगी आणि तिचा भाऊ दोघंही ठणठणीत होते. पिल्लाला रेबीज होता हे सिद्ध झालेलं नाही. मेंदूचा नमुना गेला नाही. पिसाळलेलं कुत्रं चावलं म्हणजे प्रत्येकाला आजार होतोच असंही नाही. त्यामुळे "सिरमने वाचवलं" असं आपण लिहू शकत नाही. त्या शनिवारी हाताशी असलेल्या माहितीवर घेतलेला निर्णय बरोबर होता, एवढं लिहू शकतो.

## वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात महाग पडली ती बुधवारची पोपडी. आईच्या तोंडून "खरचटलंय" ऐकून श्रेणी ठरली. जखम न धुता श्रेणी ठरवता येत नाही. हळद, चुना, मिरची, तंबाखू, जे काही लावलं असेल ते आधी धुऊन काढायचं आणि मग कार्ड भरायचं. लहान मुलाचे कपडे उतरवून डोक्याच्या केसांपासून पावलांपर्यंत पाहायचं, कारण मूल एकच जखम दाखवतं, दुखते ती. क्रम उलटा असता तर सिरम तीन दिवस आधी मिळालं असतं. त्या केंद्राने नंतर ओपीडीच्या मोरीपाशी साबण आणि घड्याळ टांगलं. चावलेला माणूस आला की पहिली पंधरा मिनिटं मोरीवर, मग टेबलापाशी.

पिल्लाचं शव ओढ्यात गेलं. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवलं असतं तर नमुना तपासता आला असता, आणि तळावरच्या बाकी कुत्र्यांचं लसीकरण लगेच हाती घेता आलं असतं. ते आठ दिवसांनी झालं.

सिरम कुठे आहे याची रोजची यादी तालुक्यात कुणाकडे नव्हती. दोन फोन करून ते शोधावं लागलं, आणि शनिवारी दुपारी फोन उचलणारा माणूस भेटला हा नशिबाचा भाग होता. गाळपाच्या हंगामात, नोव्हेंबर ते मार्च, तळाला लागून असलेल्या आरोग्य केंद्रांत थोडं तरी सिरम ठेवावं ही मागणी त्यानंतर वर पाठवली गेली. सिरम २ ते ८ अंशांत राहावं लागतं, आणि लसीचं फ्रीज तिथे आहेच.

कार्डाच्या मागे परिचारिकेने दोन ओळी लिहून दिल्या. पुन्हा कधी कुत्रं चावलं तर आधी धुवायचं आणि हे कार्ड दाखवायचं. तेव्हा सिरम लागणार नाही, ० आणि ३ व्या दिवशी दोनच डोस पुरतील, कारण मुलीच्या शरीरात हा विषाणू ओळखणाऱ्या पेशी आता आहेत. आईने कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पेटीत रेशनकार्डाशेजारी ठेवलं.